इंजिन बसलं, गाडी बसली

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ‘बसेल का?’ हा प्रश्न कुणी गांभीर्याने घेत नाही. विचारणारा परगावचा आहे, एवढाच त्यातून बोध होतो. लेथवर वाकलेला मिस्त्री मान वर न करता म्हणतो, “बसतंय की. न बसायला काय झालंय?” काय बसवायचंय आणि कशात बसवायचंय, हे त्याने अजून ऐकलेलंही नसतं.

या आत्मविश्वासाला इतिहास आहे, त्यामुळे नुसतं हसून चालत नाही. परदेशी कॅमेरा परवडेना, तेव्हा बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास याच गावात तो स्वतः बनवला आणि त्यावर सिनेमे काढले. पुढे ऊस वाढला. उसाला पाणी लागतं आणि उसापाठोपाठ गुऱ्हाळ येतं; दोन्हींना ऑइल इंजिन लागतं. विलायती इंजिनाचा भाग मोडला की मुंबईहून यायची वाट बघत बसण्यापेक्षा तो इथंच ओतून घ्यायचा, अशी सवय लागली. भाग ओतता ओतता मंडळींनी अख्खं इंजिनच ओतलं. आज शिरोलीत पिस्टन होतात, उचगाव आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांतून वाहनांचे सुटे भाग देशभर जातात. अशा गावाला एका गाडीतलं इंजिन काढून दुसरीत घालणं हा विचार करण्याजोगा विषयच वाटत नाही. तो दुपारच्या जेवणाआधी उरकायचा विषय आहे.

ऐंशी-नव्वदच्या दशकात यामागे हौस नव्हती, हिशेब होता. डिझेल पेट्रोलच्या निम्म्या भावाच्या आसपास मिळायचं. त्यामुळे वडापच्या, म्हणजे माणसं भरभरून नेणाऱ्या, जीपला मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवणं हे पुण्यकर्म होतं. जीप बिचारी त्यासाठीच जन्मलेली असावी. खाली शिडीसारखी भक्कम चेसी, वर पत्र्याचा डबा, पुढे कमानपाटे. इंजिन जड झालं की पुढच्या पाट्यांत एक पान वाढवायचं, विषय संपला. त्यात माणसं किती आहेत हे ड्रायव्हरलाही माहीत नसायचं, तिथं इंजिनाचे चाळीस-पन्नास किलो कोण मोजणार?

घोटाळा सुरू झाला तो मोटारींपासून. म्हणजे अँबेसिडरपासून.

आता डिझेल-पेट्रोलच्या भावात पूर्वीसारखी दरी राहिलेली नाही. त्यामुळे हिशेब संपला आणि निव्वळ हौस उरली, आणि कोल्हापुरात हौस हिशेबापेक्षा महाग पडते. आजचा मालक साधारण असा असतो: वडिलांची किंवा सासऱ्यांची अँबेसिडर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असते. भंगार बाजारात त्याला एक मॅटाडोरचं इंजिन दिसतं. मर्सिडीजच्या आराखड्यावर बेतलेलं, बिडाचं, चार सिलिंडरचं, चालू स्थितीत. ते सोडून येणं त्याच्याच्याने होत नाही. आधी इंजिन घरी येतं, मग त्याला साजेशी गाडी शोधली जाते, आणि शेवटी ताडपत्री निघते.

“मर्सिडीजचं इंजिन हाय,” तो मिस्त्रीला सांगतो.

“मग मर्सिडीजच झाली की मालक ही,” मिस्त्री म्हणतो. अंदाजपत्रक म्हणून एवढंच वाक्य दिलं जातं.

इंजिन चेन-ब्लॉकला टांगून अँबेसिडरवर आणतात, तेव्हा वर्कशॉपभोवती सल्लागार जमतात. यांना कुणी बोलावलेलं नसतं. एक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, एक एसटीच्या डेपोतले, एक नुसतेच निवृत्त. इंजिन खाली उतरतं आणि वीतभर वरच अडकतं. खालचं ऑइलचं चेंबर क्रॉस मेंबरला टेकलेलं असतं. आता तीन मार्ग उरतात आणि तीन सल्लागार ते वाटून घेतात. इंजिन वर उचलायचं, तर बॉनेट लागत नाही. पुढे सरकवायचं, तर रेडिएटर बंपरात जातो. मागे सरकवायचं, तर इंजिन आणि माणूस यांच्यामधली भिंत कापावी लागते आणि पुढचा सगळा प्रवास इंजिनाच्या मांडीला मांडी लावून करावा लागतो. अखेर चेंबरच कापून नव्या आकाराचं जोडतात. आतला ऑइल ओढायचा पाइप आता कुठं पोचतो, हा प्रश्न पहिल्या चढापर्यंत कुणालाच पडत नाही.

कोल्हापूरकरांना बरं वाटावं म्हणून सांगतो, हे साहेबानंही केलेलं आहे. १९६४ साली ‘सनबीम’ कंपनीने आपल्या ‘अल्पाइन’ या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये फोर्डचं व्ही-आठ इंजिन घातलं आणि तिचं नाव ‘टायगर’ ठेवलं. जागा पुरेना. तेव्हा कारखान्यात रंगवून तयार झालेल्या बॉडीची पुढची भिंत घणाने ठोकून आत ढकलत, असं सांगतात. म्हणजे पद्धत हीच, फक्त चहा वेगळा.

आणि अँबेसिडरच्या भाऊबंदकीतच याहून बोलकं उदाहरण आहे. अँबेसिडर म्हणजे मूळची ‘मॉरिस ऑक्सफर्ड’, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या ‘बी’ मालिकेतलं. याच घराण्यातलं १७९८ सीसीचं इंजिन ‘एमजीबी’ या देखण्या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. १९६७ साली कंपनीला वाटलं, हिच्यात सहा सिलिंडरचं २९१२ सीसीचं बिडाचं धूड घालूया. ते सुमारे ९५ किलो जास्त भरलं. जागा करायला पुढचे कॉइल स्प्रिंग काढून टॉर्शन बार लावावे लागले, चाकं एक इंचाने मोठी करावी लागली, आणि तरीही बॉनेट लागेना म्हणून त्याला टेंगूळ आणावं लागलं. ही ‘एमजीसी’. पत्रकारांनी चालवली आणि लिहिलं की गाडीचं नाक जड आहे, वळायला सांगितलं की विचार करते. दोन वर्षांत ती बंद झाली. १९७३ मध्ये मूळच्या ‘एमजीबी’त रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-आठ बसवलं. सिलिंडर दुप्पट, ताकद भरपूर. पण ठोकळा ॲल्युमिनियमचा होता, त्यामुळे जुन्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनापेक्षा ते भरलं किंचित हलकंच. ही गाडी मात्र सरळ वळली. हे सगळं मी एकदा वर्कशॉपात सांगितलं. एसटीवाले सल्लागार म्हणाले, “व्हय, पण आवाज कुणाचा चांगला?”

आता वजनाकडे येऊ. समजा इंजिन, मोठा गिअरबॉक्स, मोठा रेडिएटर आणि डिझेलला लागणारी मोठी बॅटरी मिळून ८० किलो वाढले. अँबेसिडरच्या पुढच्या स्प्रिंगांवर एरवी साडेपाचशे किलोच्या आसपास भार धरू. जुन्या मऊ चालीच्या गाडीचं स्प्रिंग स्वतःच्या वजनाखालीच पंधरा-सोळा सेंटीमीटर दबलेलं असतं. त्या हिशेबाने ८० किलोंनी गाडी पुढून आणखी सव्वादोन सेंटीमीटर खाली बसते. ऐकायला हे काहीच नाही. पण खड्ड्यात चाक वर यायला जी मोजकी जागा असते, त्यातून हे सव्वादोन कायमचे गेले. आणि कोल्हापुरातल्या गतिरोधकांची उंची ठरवणारा माणूस अँबेसिडर बघून ती ठरवत नाही.

बाहेरून एवढंच दिसतं की गाडी जरा वाकून चालते, देवळात शिरल्यागत. आत मात्र चाकांचा कोन बदललेला असतो, टायर आतल्या कडेने झिजायला लागतात आणि स्टिअरिंग जड होतं. पॉवर स्टिअरिंग या जुन्या गाड्यांना नव्हतंच, चालवणाऱ्याच्या दंडात जे काय असेल तेच. महाद्वार रोडला वळवून पार्किंग करायचं म्हणजे तालमीचा दिवस भरला.

“टॉर्शन बारला पीळ देऊया,” मिस्त्री म्हणतो.

जुन्या अँबेसिडरला पुढे कॉइल स्प्रिंग नसतं. लांबलचक पोलादी दांडी असते, ती चाकापासून मागे गाडीच्या पोटाखाली जाते आणि पिळून भार पेलते. तिचं मागचं टोक सोडवून, थोडं फिरवून पुन्हा बसवलं की गाडी उचलली जाते. मिस्त्री ते करतो, गाडी वर येते, सल्लागार टाळ्या वाजवायच्या बेतात असतात. पण दांडी तेवढीच मऊ राहिलेली असते. उंची परत मिळाली, कडकपणा नाही. पहिल्याच खड्ड्यात गाडी नाक जमिनीला लावून येते.

मग मिस्त्री म्हणतो, “जरा जाड दांडी घालूया.” या ‘जरा’ची मला फार भीती वाटते. दांडीचा कडकपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. एक दशांशाने जाडी वाढवली की कडकपणा जवळजवळ दीडपट. मिस्त्रीचं ‘जरा’ दशांशात मोजलेलं नसतं. ते अंगठ्यात आणि चाफेकळीत धरून दाखवलेलं असतं. परिणामी गाडी आता वाकत नाही, उडते. आणि जुने शॉकअप या नव्या उड्या आवरायला असमर्थ असल्यामुळे एकदा उडाली की शिवाजी पुतळ्यापासून बिंदू चौकापर्यंत मान डोलावत राहते. त्यावर उपाय म्हणून शॉकअपमध्ये जाड ऑइल भरतात. ते संपलं की आणखी जाड. शेवटी शॉकअप हलायचे थांबतात आणि मालकाला वाटतं, दुरुस्त झालं.

पुढचा भाग कडक आणि जड, मागचा तोच. अशी गाडी वळणावर चालवणाऱ्याचं ऐकत नाही, सरळ जाऊ बघते. ब्रेक दाबला की मागची हलकी चाकं आधी जाम होतात. गर्दीतल्या एका शेतकरी आजोबांनी हे सगळं शास्त्र एका वाक्यात मिटवलं होतं. ते म्हणाले, “गाडी धुरजड झालीया. मागं वजन टाका, उसाची गाडी करतोय तसं.” बैलगाडीत ऊस पुढे जास्त भरला तर जू बैलांच्या मानेवर बसतं, मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होऊन बैलांनाच वर उचलते. त्यांनी आयुष्यभर हा तोल नजरेनं साधला होता. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माणसाला हे सांगायला पाटी लागली असती.

मालकाने लगेच डिकीत गुळाचे रवे ठेवले. कोल्हापूरच्या माणसाच्या हाताशी वजनाचं दुसरं काय असणार? जुन्या मापाचा रवा ३० किलोचा. मी घरी येऊन हिशेब केला. अँबेसिडरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण २४६ सेंटीमीटरचं अंतर. डिकीतला गूळ मागच्या चाकांच्या ८० सेंटीमीटर मागे धरू. पुढच्या चाकांवरचे ८० किलो उचलायचे, तर डिकीत सुमारे २४० किलो हवेत. म्हणजे आठ रवे. आणि मागच्या पाट्यांवर नुसते ते २४० येत नाहीत, पुढून उचललेलेही येतात. सव्वातीनशेच्या आसपास जातं. हा हिशेब मी सांगितला तेव्हा पाटे आधीच बसले होते. गाडी आता पुढून आणि मागून सारखीच वाकलेली होती, आणि मालक समाधानाने म्हणत होता, “लेव्हल झाली बगा.”

यात चेसी कुठं आली, असं कुणी विचारेल. तिथेच तर खरी गंमत आहे. आरसी बुकात चेसी नंबर ठळक लिहिलेला असतो, पण अँबेसिडरला चेसीच नाही. जीपसारखी वेगळी शिडी तिच्या पोटाखाली नाही. बॉडीचा पत्रा, खालचे पोकळ मेंबर, फरशी, खांब हे सगळं मिळूनच भार पेलतं. १९५० च्या दशकातल्या कुणा आराखडाकाराने ठरवलेलं असतं की इंजिन एवढ्या वजनाचं, एवढ्या झटक्याचं, आणि त्याप्रमाणे पत्रा कुठे दुमडायचा आणि कुठे दुहेरी करायचा. डिझेलचं इंजिन पेट्रोलच्या दुप्पट-अडीचपट दाबाने हवा चेपतं; प्रत्येक ठोका फाउंडेशनच्या रबरातून त्या पत्र्यात जातो. उभी गाडी नुसती चालू ठेवली तरी आरशात मागची माणसं माना हलवताना दिसतात. मालकाला वाटतं, सगळे आपल्याशी सहमत आहेत.

काही महिन्यांनी ड्रायव्हरचं दार नीट लागेनासं होतं. दाराचा दोष म्हणून बिजागरी बदलतात. मग दुसरं दार. मग पायाखालची चटई उचलल्यावर, पुढचा मेंबर फरशीला मिळतो तिथं, केसासारखी भेग दिसते. वेल्डर जाड पट्टी मारून देतो. पट्टी इतकी मजबूत असते की तिथे पुन्हा कधी भेग पडत नाही. ती पट्टीच्या पलीकडच्या कडेला पडते, कारण कडक आणि मऊ यांची हद्द आता तिथं सरकलेली असते. मग तिथेही पट्टी. मी अशी एक गाडी बघितली आहे, जिच्यात मूळचा पत्रा पट्ट्यांमधून अधूनमधून डोकावत होता.

गगनबावड्याच्या बाजूने करूळ घाट उतरताना या मंडळींची खरी परीक्षा होते. ड्रम ब्रेक गरम होऊन दम सोडतात, हे त्या काळच्या सगळ्याच गाड्यांना लागू. डिझेलची एक खोड मात्र स्वतंत्र आहे. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार करतं, तिच्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलमध्ये ती पोकळी जवळजवळ नसतेच, वेगळा व्हॅक्युम पंप लावावा लागतो. हौसेनं मागाहून बूस्टर लावलेल्या गाडीत इंजिन बदललं आणि पंप राहून गेला, तर पॅडल दगडासारखं कडक होतं. उद्यमनगरात सपाट रस्त्यावर फेरी मारताना हे कळत नाही. घाटात पहिल्या वळणाला कळतं, आणि ते कळल्यावर गाडीतली माणसं कोकणात जायचा बेत बदलून घाटातच एखादं सपाट ठिकाण बघतात. जुना गिअरबॉक्स ठेवला तर तो नव्या झटक्याने कुरकुरतो. नवा घातला तर प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागतो आणि त्याचा कोन चुकला की क्रॉस खातो. पेट्रोलच्या पळत्या इंजिनासाठी ठरवलेला मागचा एक्सल डिझेलच्या मंद इंजिनाला जुळत नाही, म्हणून साठच्या वेगालाही आवाज शंभरचा येतो. मालकाच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा दोषांच्या यादीत धरलेला नाही.

बाकी हे उद्योग फक्त गल्लीतच होतात असं नाही. आपल्याकडच्या कारखान्यांनीही केले. हिंदुस्थान मोटर्सने १९८० च्या सुमारास अँबेसिडरला स्वतःच डिझेल दिलं, जेमतेम ३७ अश्वशक्तीचं. ती घाट चढत असताना प्रवाशांना खाली उतरून फुलं तोडायला वेळ मिळे. पण इंजिन ‘बी’ घराण्यातलंच असल्यामुळे गाडीने ते निमूट सोसलं. पुढे इसुझूचं इंजिन आलं आणि अँबेसिडर म्हातारपणी पळायला लागली. याच्या उलट १९८५ ची ‘स्टँडर्ड २०००’. बॉडी रोव्हरची, आपल्याकडे तरी अतिशय नवी. आत मात्र व्हॅनगार्डच्या जमान्यातलं जुनाट दोन लिटरचं इंजिन. आपले रस्ते बघून गाडी उंचही केली. वरून साहेब आणि आतून मामलेदार कचेरीतला शिरस्तेदार, अशी ती काही वर्षं फिरली आणि बंद पडली.

कायद्याचंही ऐकून घ्यायला हवं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरफारांवर आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाला सोडून गाडी बदलता येत नाही. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. अट अशी की चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. म्हणजे वडिलांची अँबेसिडर पन्नाशीची झाली, तिला मान मिळायची वेळ आली, तेव्हाच चिरंजीवांनी तिच्या पोटात मॅटाडोर घातलेली असते. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा हीच मंडळी गर्दीत टाचा उंचावून बघतात आणि कौतुकानं म्हणतात, “सगळं वरिजनल हाय, एक नट बदललेला न्हाई.” मग घरी जाऊन पाने काढतात.

हे सगळं झाल्यावर एका तरुण मिस्त्रीने परवा मालकाला बाजूला घेतलं. तो शिकलेला होता आणि जपून बोलत होता. म्हणाला, “मालक, पासिंगचं तुमचं तुम्ही बघा. पण इंजिन बदलायचंच असंल तर हलकं बघा. मारुतीचं एक लिटरचं ॲल्युमिनियमचं येतंय. ९९८ सीसी, पण सदुसष्ट घोडं हाईत. तुमच्या अँबेसिडरच्या मूळच्या इंजिनाचं पन्नास. पीळ नको, पट्ट्या नकोत, गूळ नको.” त्याने कोपऱ्यातलं ते इंजिन दाखवलं. दोन पोरांनी ते हातांवर उचलून बाकावर ठेवलं.

मालक त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला. बोटाने टिचकी मारून बघितली. आवाज आला नाही, तशी त्याने मान हलवली.

“दोन पोरं उचलत्यात की ओ हे,” तो म्हणाला. “असलं कसलं इंजिन!”